आईने सांगितलेली ऑर्डर

सोमवार होता. सकाळचे सव्वानऊ वाजले होते, शेअर बाजार नुकताच उघडला होता आणि मी तुळिंज रोडवरच्या एका गाळ्यात पप्पांचा मोबाईल हातात धरून उभा होतो. आदरणीय बस्त्याव रॉड्रिग्जसरांची आणि माझी ती पहिली भेट.

सर शेअर दलाल आणि पप्पा त्यांचे जुने ग्राहक. पप्पा नुकतेच वारले होते. बहिणीच्या नर्सिंगची फी भरण्याची मुदत जवळ आली होती, म्हणून पप्पांचे एका सिमेंट कंपनीचे शेअर विकायचे होते. ओटीपी पप्पांच्या मोबाईलवर येतो आणि तो माझ्याकडेच आहे, असे मी सरांना सांगितले. आमच्या आळीत सगळे असेच करतात.

सरांनी मोबाईलला हात लावला नाही. "पप्पा नाहीत ना आता? मग त्यांच्या नावाने विकतंय कोण?"

सरांनी पप्पांचे खाते तिथल्या तिथे थांबवले. नॉमिनी आई होती, तिच्या नावावर शेअर येईपर्यंत विक्री नाही, असे ते म्हणाले. दलालाला पैसे सौद्यावर मिळतात, आणि सरांनी तर समोर आलेला सौदा परत पाठवला. मी गोंधळलो. त्याच दुपारी ते मला स्वतःच्या स्कूटरवर बसवून बहिणीच्या कॉलेजात घेऊन गेले आणि फीची मुदत वाढवून आणली, तेव्हा आणखीच गोंधळलो.

कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत भाव उतरला. मी चिडलो होतो. सरांवर की बाजारावर, ते नक्की सांगता येत नाही. आणखी उतरायच्या आत सगळे विकून टाकायचे ठरवून मी आईला सरांकडे घेऊन गेलो. सरांची एक पद्धत आहे. ज्याचे खाते त्याने ऑर्डर स्वतःच्या तोंडाने सांगायची, मग सही करायची. मी बोलू लागलो तसे सर हसले.

"तू वकील आहेस का आईचा? गप बस जरा. बोला, वहिनी."

पैशांच्या गोष्टीत आई घरात कधी बोललेली नव्हती. आता तिनेच विचारले, "सगळे विकावेच लागतात का?"

"ते मी नाही सांगणार. तुम्हाला लागतात किती?"

"फीपुरते. तेवढेच विका. बाकीचे राहू द्या."

बारावी अर्धवट सोडलेला मी आता सरांकडेच कागदपत्रांचे काम पाहतो. दलाल नेमका करतो काय, असे लोक विचारतात आणि मी अडखळतो. सल्ला मागितला की सर देत नाहीत. कुणी कुठलीशी टीप घेऊन धावत आले, तर त्याला आधी बसवून पाणी देतात. आमचे तेव्हाचे नुकसान त्यांच्यामुळे झाले का, हेही मला अजून ठरवता आलेले नाही. आईला विचारले तर ती म्हणते, "झालं असेल. पण मला कुणीतरी विचारलं."

सरांची पंचाहत्तरी झाली; यापुढेही त्यांना भरपूर वर्षे आणि चांगली प्रकृती लाभो, ही मनापासून इच्छा. या लेखात आईच्याही शुभेच्छा लिहिणार होतो, पण तिने लिहू दिल्या नाहीत. त्या ती स्वतः फोन करून सांगणार आहे.