फोनवर ऐकवलेली धाप

यवतमाळच्या एका खाजगी दवाखान्यात तो विम्याचं काम पाहायचा. विमा कंपनीशी हिंदीत बोलायचा, आमच्याशी वऱ्हाडीत. कंपनीच्या डॉक्टरचा फोन आला की उठून उभा राहायचा. वाईट बातमी सांगायची असली की आधी समोरच्याला खुर्ची द्यायचा.

बाबांना न्यूमोनिया झाला तेव्हा एके दुपारी त्यानं मलाही खुर्ची दिली.

"कंपनी म्हणते, पेशंट सुधारला, घरी न्या. पुढचा खर्च मंजूर करून नाही राह्यले."

"अहो, त्यांना धड बसवतही नाही," मी म्हणालो.

त्यानं कंपनीच्या डॉक्टरला फोन लावला आणि बोलत बोलतच वॉर्डात आला. "काका, जरा उठून बसा." उठतानाच बाबांना धाप लागली. त्यानं फोन त्यांच्या तोंडाजवळ धरला. "साहब, आप ही सुनो."

संध्याकाळी बाबांची मंजुरी आली. शेजारच्या खाटेवरची बाई डोकं धरून पडली होती, तिची नाकारली गेली. मी आभार मानायला गेलो, तर तो माझ्याकडे न पाहताच म्हणाला,

"तुमच्या बाबाची धाप त्याइले ऐकू गेली, म्हणून जमलं. त्या बाईचं डोकं मी फोनवर कसं ऐकवू?"