वाचल्याशिवाय बटण दाबायचं नाही

कचरू रणपिसे या गृहस्थांनी सहा वर्षं माझ्यावर संशय घेतला. खरं सांगायचं तर मीही त्यांच्यावर तेवढाच घेतला. कर्वेनगरात माझं सायबर कॅफे होतं. आमच्या शेतावर तीन सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यातल्या एकीच्या तळमजल्यावर एक गाळा आमच्या वाट्याला आला, आणि तिथे मी आठ कॉम्प्युटर मांडून बसलो. रणपिसे काका मागच्याच इमारतीत राहायचे. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि काखेत फाइल.

२००४ साली ते पहिल्यांदा आले ते ईमेलचं खातं उघडायला. मुलगा अभय कंपनीकडून अमेरिकेला निघाला होता. मी त्यांचं नाव, जन्मतारीख भरली आणि 'मला मान्य आहे'वर क्लिक करणार, एवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"काय मान्य आहे?"

"अटी आहेत, काका. सगळेच करतात."

"सगळ्यांनी वाचल्यात?"

"कुणीच वाचत नाही."

"मग मान्य करण्यासारख्या आहेत हे आपल्याला कुणी सांगितलं?"

त्यांनी त्या अटी छापून घेतल्या. एकोणीस पानं. डिक्शनरी घेऊन दोन दिवस बसले, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात 'वाचले' लिहून सही आणि तारीख टाकली. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "सातवं कलम मला पसंत नाही. पत्र कुणाच्या नावे लिहू?" मी म्हटलं, तिकडे पत्र घ्यायला कुणी बसलेलं नसतं. "म्हणजे त्यांचा माणूस जागेवर नाही आणि माझी सही मात्र हवी," काका म्हणाले. खातं त्यांनी उघडलं, पण त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी त्या न बसलेल्या माणसाचा दलाल झालो.

पासवर्ड टाकताना ते कीबोर्डवर वर्तमानपत्र पसरून त्याखाली हात घालायचे. माझ्या खुर्चीमागे आरसा होता, तो त्यांनी मला काढायला लावला. काम संपलं की मशीन पूर्ण बंद होऊन पडदा काळा होईपर्यंत उभे राहायचे. एकदा माझं गिऱ्हाइकांचं रजिस्टर उघडून वाचलं आणि दोन नावांपुढे ओळखपत्राचा नंबर नाही, हे बोट ठेवून दाखवलं. तेव्हा माझी खात्रीच झाली की हा म्हातारा एक दिवस वर तक्रार करून माझं दुकान बंद पाडणार. मी त्यांना तोंडदेखलं हसायचो आणि मनात शिव्या घालायचो.

पण रविवारी विहारात हाच माणूस बायकांना फॉर्म वाचायला शिकवायचा. मी एकदा प्रिंटआउट पोचवायला गेलो तेव्हा ऐकलं. "अक्षर ओळखता आलं म्हणजे साक्षर नव्हे," ते सांगत होते. "हे कुणी लिहिलंय, कशासाठी लिहिलंय आणि खाली माझी सही का मागतोय, हे कळलं की साक्षर. आता सहीच्या जागी बटण आलंय. वाचल्याशिवाय बटण दाबायचं नाही." सगळ्या बायका मान डोलवत होत्या. मीही डोलावली, मग माझाच मला राग आला.

काकांची नात मैत्री. आईबाप अमेरिकेत, आणि ही बारावीपर्यंत इथेच शिकायची म्हणून आजोबांकडे. २०१० च्या जूनमध्ये तिच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म भरायला दोघं माझ्याकडे आले. पसंतीक्रम द्यायचा होता. पहिल्या पसंतीचं मिळालं की तेच घ्यायचं, असा नियम. मैत्रीचे मार्क इतके चांगले होते की पहिलं लिहू ते मिळणार, हे तिघांनाही ठाऊक होतं. म्हणजे सगळा खेळ त्या पहिल्या ओळीचा.

काकांनी सूचनांची चौदा पानं मैत्रीकडून मोठ्याने वाचून घेतली. मग स्वतः खुर्चीत बसले आणि पहिल्या ओळीत पुण्यातल्या कॉलेजचं कॉम्प्युटर टाकलं. त्याखालच्या नऊ ओळीही पुण्यातल्याच. "घरून जाऊन येऊन करशील. तुझ्या भल्याचं आहे," म्हणाले आणि बटण दाबलं. मैत्री शेजारी उभी राहून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मला ते खटकलं होतं, पण मी कशाला मध्ये पडू? आधीच मी दलाल.

बदल करायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. त्या शुक्रवारी सव्वाचारला काका घाईघाईने आत आले. 'जय भीम' नाही, काही नाही. मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. मेसेज आला होता: अर्जातला पसंतीक्रम बदलण्यात आला आहे.

"हे कुणी केलं?"

"मला काय माहीत, काका?"

त्यांनी वर्तमानपत्र न पसरताच पासवर्ड टाकला. मशीनने चुकीचा आहे म्हणून सांगितलं. पुन्हा टाकला. तेच. मग ते उभे राहिले आणि भरल्या कॅफेत ओरडले, "पासवर्ड या मशीनवरच टाकला होता. दुसरीकडे कुठेही नाही. किती कॉलेजांचं कमिशन खातोस तू? माझ्या नातीचं आयुष्य विकलंस!"

गिऱ्हाइकं एकेक करून उठून गेली. मला संताप आला. "तोंड सांभाळून बोला, काका," मी म्हटलं. "आमच्या घरात असले धंदे कुणी केले नाय आजवर. चला पोलीस चौकीत, मीच येतो." पण मनात धाकधूक होतीच. माझ्या मशीनमध्ये कुणी काही घालून ठेवलं असेल तर? मला तरी कुठे सगळं कळत होतं? मीच त्यांच्या घरी फोन लावला आणि मैत्रीला बोलावलं.

ती वीस मिनिटांत आली. पाचला वीस कमी होती. दारातूनच म्हणाली, "आजोबा, त्यांना काही बोलू नका. मी बदललंय. जुना पासवर्ड मला ठाऊक होता, तोपण बदलला."

काका खाली बसले. मैत्रीने हाताचा आडोसा करून नवा पासवर्ड टाकला. आडोसा माझ्यापासून नव्हता, त्यांच्यापासून होता. पान उघडलं. पहिली ओळ: सिव्हिल, कराड.

"कराडला कोण आहे?" काकांनी विचारलं. आवाज हेडक्लार्कचा होता. "कुणी सांगितलं तुला? मुलगा आहे का कुणी?"

"कुणी नाही."

"मग?"

"तेच. तिथे कुणी नाही." "तुम्ही माझे मेसेज वाचता. मैत्रिणींची पत्रं वाचता. माझी डायरी वाचता, आणि कोपऱ्यात सही केली नाहीत एवढंच. आजोबा, मला सिव्हिल आवडतं, हे दहावीपासून त्या डायरीत लिहिलंय. तुम्ही सगळं वाचलंत आणि तेवढंच तुम्हाला दिसलं नाही."

"तुझ्या भल्यासाठीच—"

"पणजोबांनाही असंच म्हणाले होते ना? तुम्हीच सांगता. कागद वाचून दाखवला, तुझ्या भल्याचा आहे म्हणाले, अंगठा धरून उठवला, आणि जमीन गेली. त्या दिवशी इथे मला तसंच वाटलं."

रणपिसे काकांचा चेहरा पडला. असा पडलेला चेहरा मी पुन्हा पाहिला नाही. या माणसाने मला चोर ठरवून पाऊण तासही झाला नव्हता, तरी मला त्यांची दया आली. घड्याळात पाचला सात कमी होती.

मैत्री खुर्चीतून उठली. डोळे पुसत म्हणाली, "लॉगिन सुरू आहे. बदलायचं असेल तर बदला. मी परत काही करणार नाही."

काका त्या खुर्चीत बसले. माऊस हातात घेतला. पुण्याची ओळ, पुण्याचं कॉलेज, रोज संध्याकाळी घरी येणारी नात, सगळं दोन क्लिकवर होतं. मला पक्कं वाटत होतं की म्हातारा बदलणार.

"मला आधी विचारायचं होतंस," ते म्हणाले.

"तुम्ही हो म्हणाला असतात?"

पाचला तीन कमी झाली, दोन झाली.

"नसतो म्हणालो," काका म्हणाले. त्यांनी लॉगआउट केलं आणि उठले. माझ्याकडे वळून हात जोडले. "पृथ्वीराज, मी चुकलो. जे बोललो ते सगळ्यांसमोर बोललो, म्हणून माफीही सगळ्यांसमोर." कॅफेत तेव्हा आम्ही तिघंच होतो, पण मी ते सांगितलं नाही.

पायरी उतरताना त्यांनी मैत्रीच्या खांद्याचा आधार घेतला. "हॉस्टेलला काय काय न्यायचं त्याची यादी कर," त्यांनी सांगितलं. दोन पावलं गेल्यावर थांबले आणि म्हणाले, "मला दाखवू नकोस."