शिरसाटांची गाडी आणि गोडं पाणी

भाईंदरच्या जेसल पार्कातल्या त्या बिल्डिंगमध्ये सकाळी कुणाची गाडी सुरू झाली नाही, की तो माणूस पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत बसत नसे. दुसऱ्या मजल्याकडे तोंड करून हाक मारी, "शिरसाटभाऊ!" सहादेव शिरसाट बनियनवर शर्ट चढवत खाली येत. बॉनेटवर हात ठेवत, आईने तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि विचारत, "काल कुठं कुठं गेली होती?"

तळमजल्यावरच्या चंदनभाईंना याची फार गंमत वाटे. त्यांचं कापडाचं दुकान होतं, आणि गाडीतलं त्यांना हॉर्नपलीकडे काही कळत नसे. एकदा ते म्हणाले, "भाऊ, नवी बॅटरी टाकून देऊ ने? झंझटच नको."

"बॅटरीला काय झालंय? टोकांवर पांढरी भुकटी साचलीय, बघा. तांब्याभर गरम पाणी आणा."

पाणी ओतलं, टोकं घासली, गाडी लागली. शिरसाट हात पुसत म्हणाले, "गाडी एकदम बंद पडत नाही, चंदनभाई. आधी आठ दिवस सांगत असते. पट्टा किरकिरतो, क्लच वास मारतो, तापाचा काटा वर चढतो. आपण ऐकत नाही. आणि काटा लालवर गेला ना, तर दहा पावलंसुद्धा न्यायची नाही. बाजूला घ्यायची, अर्धा तास सावलीत बसायचं. नाहीतर इंजिन गेलं समजा."

शिरसाट मूळचे जालन्याकडचे. अंधेरीच्या एका औषध कंपनीत साहेबांच्या गाडीवर ते बावीस वर्षं ड्रायव्हर होते. एवढ्या वर्षांत साहेबांची गाडी रस्त्यात एकदाही उभी राहिली नाही. हे ते स्वतः कधी सांगत नसत, त्यांची बायको मंदाबाई सांगत. कंपनी बंद झाल्यावर हाती आलेल्या पैशांतून त्यांनी एक जुनी पांढरी मारुती घेतली होती. तेव्हा ती हौस होती. मंदाबाईंच्या किडन्या गेल्या आणि हौसेची गरज झाली.

दर सोमवारी आणि गुरुवारी बोरिवलीला डायलिसिस. त्यांच्या खिशाला झेपेल असं केंद्र तेच. मशीनची पाळी दुपारी बाराची. साडेबारापर्यंत पेशंट आला नाही तर मशीन पुढच्याला. त्यात कुणाचा दोष नव्हता. बाहेरच्या बाकावर माणसं थांबलेलीच असत. मंदाबाईंना स्टेशनचा पूल चढवत नसे. भाईंदरच्या रिक्षा दहिसर चेकनाक्यापुढे जात नसत, मुंबईच्या रिक्षा नाक्याच्या अलीकडे येत नसत. म्हणून मारुती.

आता पाण्याचं. भाईंदरला नळाचं पाणी दिवसाआड यायचं, तेही तासभर. बाकी सगळं बोअरिंगवर. खाडी जवळ, मिठागरं जवळ, त्यामुळे ते पाणी इतकं खारट की साबणाला फेस येत नसे. बिल्डिंगमध्ये गोड्या पाण्याने गाड्या धुण्यावरून भांडणं व्हायची. २००३ साली सोसायटीच्या सभेत शिरसाट उठून उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेला बोर्ड पार्किंगमध्ये लागला : ‘गोडे पाणी गाड्यांसाठी वापरू नये.’

बोर्ड धुण्यापुरता होता. पण शिरसाटांनी तो स्वतःला जसाच्या तसा लावून घेतला. तेव्हापासून मारुतीच्या रेडिएटरच्या बाटलीतही ते बोअरिंगचंच पाणी भरू लागले. इंजिन थंड ठेवणाऱ्या त्या रेडिएटरला खारं पाणी चालत नाही, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. साहेबांच्या गाडीत ते फिल्टरचं पाणी घालत. मंदाबाई म्हणत, "एक तांब्या न्या की हो घरातला. कोण बघतंय?"

"मी बघतोय," शिरसाट म्हणत.

तीन वर्षं असं चाललं.

२००६ च्या मे महिन्यातल्या एका गुरुवारी बोरिवलीला जाताना काशीमिऱ्याच्या पुढे काटा चढला. शिरसाटांनी नियमाप्रमाणे गाडी कडेला घेतली, झाडाखाली पंचवीस मिनिटं थांबवली आणि मगच पुढे काढली. पोचले तेव्हा बारा चाळीस झाले होते. मशीनवर विरारचा एक मुलगा झोपला होता. सिस्टरने डॉक्टरांना विचारलं, शुक्रवार-शनिवारची यादी पाहिली. जागा नव्हती. "आता सोमवारीच. पाणी अगदी कमी, फळं बंद. आणि काका, सोमवार मात्र चुकवू नका. हृदयावर येईल."

शनिवारी शिरसाटांनी बॉनेट उघडलं. पंख्याच्या एका वायरीचं टोक सैल सापडलं. "सापडला चोर!" असं म्हणून त्यांनी ते घट्ट बसवलं, टेप गुंडाळली, पट्टा ताणला, आणि रेडिएटरचं झाकण न उघडताच बॉनेट लावून टाकलं. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर त्यांनी झाकण उघडल्याशिवाय सोडली नसती.

सोमवारपर्यंत मंदाबाईंच्या पायांवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहू लागला. पाठ टेकली की जीव घाबरा व्हायचा, म्हणून रविवारची रात्र त्यांनी खुर्चीत बसून काढली. सकाळी शिरसाटांनी त्यांची अर्ध्या लिटरची बाटली भरली. ते त्यांचं दिवसभराचं पाणी, उकळून गाळलेलं, गोडं. पावणेअकराला दोघं निघाले.

गोल्डन नेस्टपर्यंत काटा मधोमध होता. काशीमिऱ्याला थोडा हलला. हायवेला लागल्यावर जकातीसाठी थांबलेल्या ट्रकांची रांग दिसली आणि गाडी मुंगीच्या पावलांनी चालू लागली. अकरा पस्तीसला, नाका अर्धा किलोमीटर राहिला असताना, काटा लालला टेकला आणि बॉनेटच्या फटींतून वाफ आली.

शिरसाटांनी इंजिन बंद केलं. फडकं घेऊन खाली उतरले, तोंड बाजूला करून रेडिएटरचं झाकण अर्धा आटा फिरवलं, वाफ जाऊ दिली, मग उघडलं. आतल्या नळ्यांच्या तोंडांवर पांढरा, टणक थर बसला होता, जुन्या बादलीच्या तळाला बसतो तसा. नळ्या जवळजवळ बुजल्या होत्या. खालच्या शिवणीतून थेंब थेंब पाणी गळत होतं.

तीन वर्षं रोज सकाळी ते स्वतःच्या हाताने हे भरत आले होते.

"काय झालं?" मंदाबाईंनी आतून विचारलं. एका वाक्याला त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला.

"मीठ," शिरसाट म्हणाले. "नळ्यांत मीठ साचलंय. पाणी फिरतच नाही."

मंदाबाई म्हणाल्या, "म्हणजे तिच्या पण किडन्याच गेल्या की." आणि हसायला गेल्या, तर खोकला आला.

मागे एक रिक्षा वळून परत जायच्या बेतात होती. रिक्षावाला ओळखीचा, खारीगावातला रवी. त्याने मान बाहेर काढली. "काय झाला काका? नाक्यापरत सोडू का? पल्याड न्हाय जाता येत मला."

"नाक्यापासून चालायला लागेल ना रे?"

"तं काय, या ट्रकांतून. दोन-तीनशे पावलं."

शिरसाटांनी दार उघडून मंदाबाईंना उभं केलं. चार पावलांवर त्यांचे ओठ काळसर झाले. उचलावं म्हटलं, तर काखेत हात घालताच छाती दाबली जाऊन त्या गुदमरल्या. शिरसाटांनी त्यांना परत सीटवर बसवलं. अकरा पंचेचाळीस. गाडी थंड व्हायला अर्धा तास. मग या रांगेतून नाका, मग बोरिवली. गुरुवारचाच हिशोब पुन्हा होणार होता. गुरुवारी त्यांनी गाडी वाचवली होती.

"रवी, पाणी आहे का रे?"

रवीने सीटमागून पाच लिटरचा कॅन काढला. "हाय. पण बोअरिंगचा हाय."

शिरसाटांनी कॅन हातात घेतला. तेवढ्यात खिडकीतून मंदाबाईंचा हात बाहेर आला. हातात बाटली.

"हे ओता आधी."

"ते तुझं दिवसाचं आहे."

"माझ्यात आधीच मावेनासं झालंय. ओता हो."

शिरसाटांनी इंजिन सुरू केलं आणि धार बारीक धरून बाटली रिकामी केली. गरम इंजिनात गार पाणी एकदम गेलं तर ते तडकतं. तीन वर्षांत त्या गाडीला मिळालेलं हे पहिलं गोडं पाणी. मग वरून रवीचा कॅन.

आत बसल्यावर त्यांनी हीटर पूर्ण उघडला. इंजिनाची आग थोडी तरी आत ओढून घेण्याचा तो एक उपाय असतो. मे महिन्यातल्या त्या दुपारी गरम वारा मंदाबाईंच्या सुजलेल्या पायांवर येऊ लागला.

"सोसेल का?"

"तुम्ही समोर बघा."

रवी रिक्षा तिथेच टाकून पुढे धावला होता. ट्रकांच्या दारांवर थापा मारत ओरडत होता, "ओ भाईसाब, पेशंट है, थोडा लेफ्ट लो! अरे लेफ्ट हाय कुठं तुझा, डोला फुटला काय?" रांगेत फट पडत गेली. नाका ओलांडला तेव्हा बाराला पाच कमी होते. रवी मागेच राहिला. शिरसाटांना त्याच्याकडे वळून हात करायलाही सुचलं नाही.

दहिसर पुलावर काटा पुन्हा लालला टेकला. या वेळी शिरसाटांनी गाडी कडेला घेतली नाही.

इंजिनातून खडखड यायला लागली. तापलेल्या तेलाचा वास सुटला. प्रत्येक आवाजाचं नाव त्यांना माहीत होतं. आता हेड वाकतंय, आता पिस्टन घासतोय. ॲक्सिलरेटरवरचा पाय त्यांनी उचलला नाही. पुढे एक सिग्नल लागला, मग दुसरा. गाडी ओढेना, तेव्हा त्यांनी गिअर खाली आणला आणि पुन्हा पाय दाबला. आयुष्यात कुठल्याही गाडीला त्यांनी असं वागवलं नव्हतं.

"हिला त्रास होतोय हो," मंदाबाई डोळे मिटून म्हणाल्या.

"होऊ दे."

हॉस्पिटलच्या फाटकाला छोटा चढ आहे. तो अर्धा चढली आणि एक करकर आवाज होऊन मारुती जागच्या जागी गच्च झाली. वॉचमन ओरडत आला, आतला चेहरा बघितला आणि चाकांची खुर्ची आणायला पळाला. सिस्टरने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा चोवीस. "शिरसाट, चला, चला, वजन नंतर."

सुई लागली, मशीन फिरू लागलं, तेव्हा शिरसाट खाली आले. दोघांच्या मदतीने त्यांनी गाडी ढकलून भिंतीशी लावली. किल्ली फिरवली. इंजिन एक केसभरही हललं नाही. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि चटका बसताच काढून घेतला. दुसऱ्यांदा किल्ली फिरवली नाही.

मग ते बाटली घेऊन हॉस्पिटलच्या कूलरपाशी गेले. बाटलीच्या अर्ध्यावर त्यांनी बोट धरलं आणि उरलेल्या अर्ध्या दिवसापुरतं, तिथपर्यंतच पाणी भरलं.

वर गेले तेव्हा मंदाबाईंचा श्वास संथ झाला होता. त्यांनी विचारलं, "गाडी?"

"आहे खाली," शिरसाट बाटली उशीशी ठेवत म्हणाले. "थंड होतेय."

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात या माणसाने खोटं बोलल्याचं मंदाबाईंना आठवत नव्हतं. शिरसाटांच्या तळहातावरचा लाल चट्टा त्यांना दिसला. त्यांनी सुई नसलेला हात लांब करून तो हात आपल्या हातात घेतला.