चौकटीतली गोष्ट

मागाखाली सुताची धूळ साठते. कुणी साठवत नाही, आपोआप साठते. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल विणण्यात माझं आयुष्य गेलं. रोज झाडायचो, रोज साठायची. आमच्या चर्चच्या पायरीवर किस्से साठतात ते तसेच.

मी चौथी पास. कारखाना सुटल्यापासून चर्चची घंटा वाजवतो आणि कबरस्तानात कबरी खोदून घेतो. दोन्ही कामं वेळेवर करतो. हे किस्से नवे पाळकसाहेब आल्यापासूनचे आहेत. निदान सुरुवातीचे तरी हसण्यासारखे आहेत.

*

नवे पाळकसाहेब वयानं माझ्या धाकट्या मुलाएवढे. पुण्यात शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, मोठं शिक्षण घेऊन आले. सोबत लॅपटॉप आणि प्रोजेक्टर. दर मंगळवारी संध्याकाळी बायबल क्लास सुरू केला.

पहिल्याच क्लासला म्हणाले, "नाताळच्या नाटकात आपण प्रभूच्या आईबापाला दारातून परत पाठवणारा सरायवाला दाखवतो. शास्त्रात सरायवाला नाहीच. जागा नव्हती, एवढंच लिहिलंय."

सगळ्यांनी डॅनियलअण्णाकडं बघितलं. अण्णा तेलुगू विणकर, मंडळीत वयानं सगळ्यात मोठा. तरुणपणापासून दर नाताळाला सरायवाला तोच. कंदील वर धरायचा आणि ओरडायचा, "जागा नाही!" नाटकात एवढंच वाक्य, पण महिनाभर तालीम करायचा.

अण्णा उठला. टोपी घातली.

"म्हणजे आता मलाच जागा न्हाय की!"

क्लास हसला. अण्णा हसला नाही.

*

पुढं प्रभूची प्रार्थना निघाली. साहेब म्हणाले, सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत शेवटची ओळ नाही. राज्य, सामर्थ्य, गौरव, ती ओळ. ती मागून आली.

पुढच्या रविवारी गंमत झाली. प्रार्थना त्या ओळीपाशी आली आणि अर्धी मंडळी थांबली. अर्धी पुढं गेली. पुढं गेलेल्यांना वाटलं आपण चुकलो, तेही थांबले. मग थांबलेल्यांनी सुरू केलं!

साहेबांचा चेहरा पडला. शेवटी अण्णानं बसल्या जागेवरून विचारलं, "साहेब, त्या जुन्या कागदात आमेन तरी हाय का? तेवढं सांगा, म्हंजे घरी जाता येईल."

साहेब खोटं बोलणारा माणूस नव्हे. मान खाली घालून म्हणाले, "त्या जागी तेही नाही, अण्णा."

त्या दिवशी उपासना संपली असं कुणी म्हटलंच नाही. एकेक जण उठून गेला.

*

मग चर्चचा कारभार बघणाऱ्या वडील मंडळींची मीटिंग झाली. बिशपसाहेबांकडं तक्रार करायची, असं ठरत होतं. मला विचारलं. मी म्हणालो, "माणूस खरं बोलतो. खऱ्याची तक्रार मी करत नाही."

बाहेर साहेब एकटेच उभे होते. मी सरळ विचारलं, "साहेब, एवढं सगळं शिकून तुमचा विश्वास गेला का?"

"नाही काका," ते म्हणाले. "झोप गेली."

*

आमच्या मंडळीत एक रीत आहे. आपल्या मातीला शास्त्रातला कोणता उतारा वाचायचा, ते माणूस जिवंतपणीच घंटावाल्याला सांगून ठेवतो. लिहून घेत नाहीत. घंटावाल्यानं ध्यानात ठेवायचं.

डॅनियलअण्णानं सगळ्यात लांब स्तोत्र सांगून ठेवलंय. मी म्हणालो, "अण्णा, उन्हात लोक तासभर उभे राहतील."

"राहू दे की! जन्मभर मी त्यांची भाषणं ऐकली."

आमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या मार्थाबाईनं मात्र वेगळंच सांगितलं होतं. पाप करताना धरलेल्या बाईला लोक दगडांनी मारायला आणतात, प्रभू म्हणतो, ज्यानं पाप केलं नाही त्यानं पहिला दगड मारा, आणि म्हाताऱ्यांपासून सुरुवात होऊन एकेक जण निघून जातो, ती गोष्ट.

वडील मंडळी चिडली. "बाईमाणसाच्या मातीला हा उतारा? लोक काय म्हणतील!"

मार्थाबाई म्हणाली, "लोकांचं म्हणून झालंय."

*

मार्थाबाई सांगोल्याकडची. तरुण विधवा होती. गावानं तिच्यावर आळ घेतला आणि विहिरीपाशी गाठलं. लोकांच्या हातांत दगड होते. एक कपाळाला लागला, त्याची खूण शेवटपर्यंत होती. पुढचे दगड आलेच नाहीत. तिनं डोळे उघडले तर लोक पांगत होते. का पांगले, ते तिला कधीच कळलं नाही.

चालत सोलापूरला आली. मिशनच्या दवाखान्यात कपाळाला टाके घालता घालता एका सिस्टरनं तिला ही गोष्ट सांगितली. म्हणाली, "बाई, ज्यानं तिला सोडवलं त्यानंच तुला सोडवलं." मार्थाबाई तिथंच आया म्हणून राहिली, तिथंच बाप्तिस्मा घेतला. वाचायलाही त्याच पानावर शिकली. बाकीचं शास्त्र ती अडखळत वाचायची, ते पान सरसर.

त्या पानावर गोष्टीच्या आधी आणि नंतर चौकोनी कंस छापलेले आहेत. मार्थाबाई सगळ्यांना दाखवायची. "बगा, बाकी कशाला न्हाय, हिलाच चौकट घातलीया. लई मोलाची हाय म्हणून!"

खरं सांगायचं तर आम्हालाही तसंच वाटायचं.

*

एका मंगळवारी साहेबांनी तेच पान प्रोजेक्टरवर लावलं. मार्थाबाई पहिल्या खुर्चीवर होती. साहेबांना तिची हकिगत माहीत नव्हती. नवे होते.

"हे कंस का आहेत, कुणाला ठाऊक आहे?"

मार्थाबाईनं हात वर केला. शाळेतल्या पोरीसारखा. "मोलाची हाय म्हणून."

साहेब प्रेमानंच म्हणाले, "नाही, मावशी. ही गोष्ट सगळ्यात जुन्या प्रतींत सापडत नाही. मागून कुणीतरी घातली असावी, म्हणून कंस."

मार्थाबाईनं हात खाली घेतला. क्लास संपेपर्यंत पडद्याकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी घंटेपाशी आली. "दादा, माज्या मातीला काय बी वाचू नका."

"दुसरं काही सांगतेस का?"

"न्हाय. दुसरं माजं न्हाय."

*

पुढच्या आठवड्यात साहेबांना मी सगळं सांगितलं. ते तसेच तिच्या खोलीवर गेले. मला बरोबर नेलं. तोवर तिनं अंथरूण धरलं होतं. डॉक्टर वयाचं म्हणत होते.

साहेब खाली जमिनीवर बसले. म्हणाले, "मावशी, जुन्या प्रतींत नाही म्हणजे घडलंच नाही, असं नव्हे. पुष्कळ विद्वान म्हणतात, ही आठवण फार जुनी असेल. लोकांच्या तोंडी असेल, मग कुणी लिहून ठेवली."

"असंल म्हंजे?"

"खात्रीनं सांगता येत नाही."

मार्थाबाईनं कपाळावरची खूण चाचपली.

"मग इहिरीपाशी मला सोडवलं कुणी?"

एवढं शिकलेला माणूस. मी चौथी पास. दोघंही तसेच परत आलो.

*

पुढं उन्हाळ्यात मार्थाबाई गेली. कबर मी खोदून घेतली. आमच्या कबरस्तानाची जमीन मुरमाड आहे, मातीपेक्षा दगड जास्त. कडेला दगडमातीचा ढीग पडला होता.

पेटी खाली सोडली. साहेबांनी शास्त्र हातात घेतलं आणि माझ्याकडं बघितलं.

"काय वाचायचं, काका?"

"काही नाही. तसं सांगून ठेवलंय."

त्यांनी ते मिटलं. प्रार्थना केली. मग रीतीप्रमाणं पहिली मूठ माती घालायला वाकले. मुठीत माती आली आणि मुठीएवढा एक दगड आला. साहेब त्या दगडाकडं बघत राहिले. मग तो बाजूला ठेवला. पुन्हा हात घातला, पुन्हा दगड. तोही बाजूला ठेवला. मग पांढऱ्या झग्यासकट ढिगापाशी खाली बसले आणि एकेक दगड वेचायला लागले.

"साहेब, ऊन लई हाय," डॅनियलअण्णा म्हणाला.

साहेबांनी पुढचा दगड उचलला.

अण्णाचे गुडघे गेलेले आहेत. तरी माझ्या खांद्याला धरून तो खाली बसला. त्यानं एक दगड उचलला आणि बाजूला ठेवला. मग मी बसलो. मग वडील मंडळी. मग तरुण पोरं, बायका. कुणी कुणाला सांगितलं नाही. दगडावर दगड ठेवल्याचा तेवढा आवाज येत होता.

सगळे वेचून झाले तेव्हा ढिगात नुसती माती उरली. ती आम्ही मुठीमुठीनं घातली.

खोदणारे मजूर फावडी घेऊन थांबले होते. त्यांना घाई होती. एकानं दगडांच्या राशीकडं बोट दाखवलं.

"काका, हे दगड कुटं टाकायचे?"

"टाकायचे नाहीत," मी म्हणालो. "राहू देत तिथंच."