शमुवेल मास्तरांची टिटवी

शमुवेल मास्तरांच्या पत्नी मार्थाबाईंचं कार्ड मला पुणतांब्याच्या शाळेत मिळालं. ‘मास्तर गेले’, एवढंच लिहिलं होतं. मी ते उगाच उलटून पाहिलं, मागं आणखी काही असेल म्हणून... तिसगावात सहा वर्षं मास्तरांनी आणि मी शेजारशेजारच्या वर्गांत शिकवलं. माझ्या आवाजामुळं त्यांची मुलं पाढे चुकतात, ही त्यांची कायमची तक्रार.

मास्तरांना फोटोचा नाद. कॅमेरा म्हणजे एक काळा डबा, आणि तो गावच्या माळापुढं कधी गेला नाही. सरडे, सुगरणीचे खोपे, बाभळीवरचा खाटीक पक्षी. एखादा वाघ काढा की, असं मी चिडवायचो. वाघ आपल्याकडं आला तर काढीन, टिटवी रोज येते, असं त्यांचं उत्तर. लढाईच्या दिवसांत फिल्म मिळेनाशी झाली. हाती होता तो रोल त्यांनी वर्षभर पुरवला आणि शेवटचा एक फोटो अंड्यांवर बसलेल्या टिटवीसाठी राखून ठेवला. डब्याला लांबचं टिपता येत नसे, चार पावलांवर जावं लागे. म्हणून शाळा सुटली की ते दगडूबाबांच्या रानात जाऊन बसत, रोज थोडं पुढं सरकून. पंधरा दिवसांनी टिटवी त्यांना पाहून उठेनाशी झाली. तेव्हा त्यांनी दगडूबाबांना आनंदानं सांगितलं, की उद्या टिटवी काढणार.

दुसऱ्या दिवशी मीही गेलो. दगडूबाबा बांधावर वाटच पाहत होते. त्यांच्या उपरण्यात चार अंडी होती.

“तुमी कशापायी तरास घेता, मास्तर? वखर घालायचाच हुता. मीच काढून ठिवली.”

मी भडकलो. मास्तर मात्र शांतपणे म्हणाले, “जागा दाखवा, बाबा.”

त्यांनी अंडी होती तशीच मांडली, निमुळती टोकं आत करून. मग आम्ही तिघं लांब बाभळीखाली बसलो. टिटवी घिरट्या घालत होती, ओरडत होती... खूप वेळानं ती उतरली आणि बसली. आता जा, काढा, मी म्हणालो. मास्तर उठले, ते घराच्या दिशेनं. आज तिला आपला फार जाच झाला, म्हणाले. वाटेत दगडूबाबांची मान वर होईना, तेव्हा त्यांना बांधावर उभं करून मास्तरांनी तो शेवटचा फोटो त्यांचा काढला. मी मास्तरांना वेडा म्हणालो. त्या दिवशी आणि नंतरही. दगडूबाबांनी तेवढा तुकडा वखराविना सोडला आणि पिल्लं निघाल्याचा निरोप स्वतः शाळेत येऊन दिला. माझं बोलणं मात्र मी कधी मागं घेतलं नाही. ते आता फार लागतं.

परवा मार्थाबाईंनी मास्तरांचा अल्बम माझ्यापुढं ठेवला. एका पानावर उपरणं सावरत ओशाळं हसणारे दगडूबाबा. समोरच्या पानावर फोटो अडकवायचे चार कागदी कोपरे चिकटवलेले, मध्ये काहीच नाही. खाली मास्तरांचं फळ्यावरचं वळणदार अक्षर:

‘टिटवी. काढली नाही.’