बांधापलीकडचा वाल

माझा स्वभाव तिखट. उभा जन्म कशेडी घाटातून ट्रक चालवला. वळणावर समोरच्याला दोन शब्द सुनावायची सवय लागली ती घरी बसल्यावरही सुटली नाही. बायको गेली, मुलं मुंबईला. नाते गावाजवळच्या घरात मी एकटा. बोलायला माणूस एकच, माझ्या शेताच्या बांधाला बांध असलेला शेजारी. लहानपणापासूनचा सोबती.

भात कापून झालं की आम्ही दोघंही वाल पेरायचो. शेंगा भरल्या की एकाच मडक्यात पोपटी लावायचो. अर्ध्या शेंगा त्याच्या, अर्ध्या माझ्या, वर-खाली भांबुर्ड्याचा पाला. मडकं उपडं घालून भोवती आग करायची, आणि कुणाची शेंग गोड यावर भांडत खायचं. मुलं गावाला येवोत न येवोत, पोपटी चुकली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी माघात माझ्या वालाची पानं बिघडली. वरच्या बाजूने बारीक तांबूस ठिपके, मग पान पिवळं होऊन गळायचं. शेंगा आल्या त्या पोचट. आदल्याच आठवड्यात शेजाऱ्याला पाठीवर पंप घेऊन बांधावरच्या गवतावर औषध फवारताना मी पाहिलं होतं. झालं! भरल्या पारावर मी त्याला म्हटलं, "माज्या वालावर औषध मारलंस तू. जळतोस माज्यावर."

तो एवढंच म्हणाला, "मी नाय रे मारलं." आणि उठून गेला. त्या वर्षी पोपटी लागली नाही. पुढच्याही नाही. पावसाळ्यानंतर त्याचा मुलगा त्याला मुंबईला घेऊन गेला. घराला कुलूप लागलं, तरी मी फोन केला नाही.

गेल्या वर्षी भाची आली. शेतकी कॉलेजात शिकते. वालाला पुन्हा तेच ठिपके. तिने पान उलटसुलट करून पाहिलं.

"मामा, शिरा हिरव्या आहेत, ठिपके मधल्या भागात, तेही जुन्या पानांवर. हे औषध नाही. ओझोन असावा. खात्रीला हवा मोजावी लागेल, पण खूण तीच."

मी म्हटलं, ओझोन तर वर आभाळात असतो, आपल्याला सांभाळतो. ती म्हणाली, वरचा सांभाळतो, खालचा जाळतो. गाड्यांचा, कारखान्यांचा धूर कडक उन्हात तापला की तो तयार होतो आणि वाऱ्याबरोबर कुठेही पोचतो. पान श्वास घेतं तेव्हा तो आत शिरतो. मग पान हवेतून कार्बन घेऊन जे अन्न रांधतं, त्यातलं बरंचसं स्वतःच्या डागडुजीतच जातं. शेंगेला, मुळाला उरतं काय?

जन्मभर धूर सोडत घाट चढलो तो मीच. हसू आलं, पण टिकलं नाही.

मी तिला त्या वर्षीची पंपाची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, "तेव्हा त्यांच्या वालाची पानं कशी होती?"

बांध गुडघ्याएवढा. मी पारावर चारचौघांत त्याला सुनावलं होतं, पण बांधावरून पलीकडे वाकून पाहिलं नव्हतं.

भाची गेल्यावर मी फोन लावला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, धूर, ऊन, ओझोन. चुकलो म्हणालो.

"माजा वाल बी तसाच गेला व्हता रे," तो म्हणाला. "तू एकदा बघशील म्हनून मी तो उपटला नाय. शिमग्यापर्यंत उभा ठेवला व्हता."

परत ये म्हटलं. गुडघे चालत नाहीत म्हणाला.

यंदा माझ्या वालाला थोड्या शेंगा धरल्यात. सकाळी शेतात गेलो की मी आधी बांधावर चढून पलीकडे बघतो. तिथे गवत आहे.