रुमालाखालचा पगार

"तुम्हाला जीबीएस झालाय," डॉक्टर म्हणाले.

"मुऱ्हा का जाफराबादी?" मी विचारलं. घोडेगावच्या बाजारात म्हशींची दलाली करण्यात माझी हयात गेली, त्यांच्या जातींशिवाय दुसरं काय सुचणार? डॉक्टर हसले नाहीत. बायको रडायला लागली. मला मात्र काहीच वाटलं नाही. भीतीसुद्धा नाही.

जीबीएस म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोम. रोगाशी लढणारी शरीराची फौज बिथरते आणि आपल्याच नसांवर तुटून पडते. आधी पाय बधिर होतात, मग हात. छातीपर्यंत पोचलं तर श्वासाला मशीन लावावं लागतं.

सुरुवातीला माझी चप्पल पायातून निसटली तेव्हा मला पत्ताच नव्हता. मग रुमालाखाली घोळ झाला. आमच्याकडे भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालून बोटं दाबायची, तोच आकडा. समोरच्याने किती दाबली ते मला कळेना. इभ्रतीचा प्रश्न! मी ऐटीत मान डोलावली आणि एका म्हशीचा सौदा भलत्याच भावात पक्का केला. म्हशीचा मालक अजून शिव्या घालतो. हातापायांना असं झालं तर मालिशवाला शोधत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सरकारी दवाखान्यात इम्युनोग्लोब्युलिन सुरू झालं, म्हणजे बिथरलेल्या फौजेला आवरणारं औषध. मी छताकडे बघत पडून असायचो. कूस बदलायची तरी मनीषा सिस्टरने. ती श्रीगोंद्याची, कंत्राटी नर्स.

ती सारखी म्हणायची, "काका, एका दमात आकडे म्हना." दम कुठे तुटतो त्यावरून छातीचा अंदाज येतो. एकदा मी बाजारातल्या थापा रंगवत होतो. "गप बसा अन् मोजा," ती म्हणाली. मी मोजले, पण लवकरच दम तुटला. तिने लगेच डॉक्टरांना बोलावलं. मला आयसीयूत हलवलं. मशीन लावायची वेळ आली नाही.

वॉर्डात परत आल्यावर ती चादरीखाली माझी बोटं दाबून विचारायची, "किती?" हळूहळू माझे आकडे बरोबर यायला लागले. मग मी तिला बाजाराची पद्धतच शिकवली. एक दिवस म्हणालो, "पर्मनंट सिस्टर अन् तू, काम तर सारखंच. तुला पगार किती?"

तिने इकडेतिकडे बघितलं आणि चादरीखाली बोटं दाबली.

"अगं, माजी बोटं अजून बधिरच हायेत. नीट दाब की!"

तिने परत तेवढीच दाबली. "बोटं बरी झालीत, काका. आकडाच तेवढा हाय."

रुमालाखालचा आकडा फोडायचा नसतो. एका बऱ्या बोकडाचा भाव समजा.

"अन् ह्या महिन्यात कंत्राटाची ऑर्डर संपती," ती म्हणाली. "नवी आली तर काम. मुलगी इथल्या शाळंत हाय. खोली ठेवायची का सोडायची, तेच कळंना."

ऑर्डर संपली आणि ती यायची थांबली.

मी पहिल्यांदा उभा राहिलो त्या दिवशी ती भेटायला आली, साडी नेसून, हातात केळी. माझा गुडघा लटपटला. तिचा हात पुढे आला आणि तिथेच थांबला. "आज मी पावनी हाय," ती म्हणाली आणि दुसऱ्या सिस्टरला हाक मारली. मी पलंगाची दांडी धरली. एरवी मी मेलेल्या बाजारात माणसं हसवतो. तेव्हा नुसता केळ्यांचा भाव विचारला.

"नशीबवान आहात," डॉक्टर घरी सोडताना म्हणाले. असेन. आनंद व्हायला हवा होता, तोही अजून पोचलेला नाही. तळपाय अर्धेच जागे आहेत, पण काठीवर चालतो. मनीषा सिस्टरने मला मोजायला लावलं नसतं तर हे सांगायला मी नसतो. तुमच्या उशाशी अशी कुणी असेल, तर तिची ऑर्डर कधी संपते ते जरूर विचारा.

परवा मनीषाचा फोन आला. मी आधी विचारलं, "ऑर्डर आली का गं?"

"न्हाई आली. तुमी जिना चढता का?"

"चढतो," मी म्हणालो. "पायऱ्या मोजत."